सगळी माणूसजात ज्ञानी होऊ शकेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सज्जनगड उतरताना, गोंदवल्यात प्रसादाच्या पंगतीत, सांगलीकडच्या पारायणांत आणि जैन मंदिरातल्या स्वाध्यायात एक प्रश्न हटकून निघतो: एकेकट्याचं ठीक आहे, पण सगळ्या जगाचं काय? त्याच्याभोवती जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

आधी थेट सांगा. होईल की नाही?

सगळे एकदम, एका दिवशी, असं होणार नाही. पात्रता मात्र जवळपास प्रत्येकाची आहे, असं बहुतेक परंपरा मानतात. अडचण अशी की 'मानवजात' नावाचा कुणी साधक नसतो. बसायचं, चुकायचं, परत बसायचं, हे ज्याचं त्यालाच करावं लागतं.

माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढे जाते. रस्ता सगळ्यांचा एक, अभंग एक, पाण्याचे टँकरही सगळ्यांसाठी. तरी एकाच्या पायांनी दुसरा पंढरपूरला पोचत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे: वाट सगळ्यांसाठी मोकळी करता येते, चालणं मात्र वाटून घेता येत नाही. आणि वाट मोकळी करण्याचं काम अजून पुष्कळ बाकी आहे.

'ज्ञानी होणं' म्हणजे नेमकं काय धरायचं?

इथेच निम्मे वाद होतात, कारण शब्द एकच आणि मोजमापं वेगळी.

समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात माणसाच्या चार अवस्था सांगितल्या: बद्ध (संसारात अडकलेला), मुमुक्षू (सुटायची ओढ लागलेला), साधक, सिद्ध. बौद्ध परंपरेत दहा बंधनं मानतात आणि ती टप्प्याटप्प्याने तुटतात. पहिल्या टप्प्यावरचा स्रोतापन्न तीन बंधनं तोडतो: 'हा देह-मन म्हणजेच मी' ही समजूत, मार्गाबद्दलची शंका, आणि नुसत्या कर्मकांडाने सुटका होईल हा भरवसा. त्यानंतर त्याला जास्तीत जास्त सात जन्म उरतात असं मानलं जातं. जैनांकडे चौदा गुणस्थानं, म्हणजे आत्म्याच्या चढत्या पायऱ्या, आहेत आणि केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, तेराव्यावर येतं. वेदान्तात जीव-ब्रह्म ऐक्याचा अनुभव ही कसोटी.

चारही ठिकाणी समान धागा शोधला तर 'मी आणि माझं' ही गाठ सुटणं हाच सापडतो. या पानावर ज्ञान हा शब्द त्याच अर्थाने घ्यावा. शांत वाटणं, डोळ्यांपुढे प्रकाश दिसणं, अंगावर शहारे येणं याला आम्ही ज्ञान म्हणत नाही.

सगळ्यांच्या मुक्तीबद्दल ग्रंथ काय सांगतात?

सरळ 'हो' म्हणणारे कमी आहेत, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

गीतेच्या सातव्या अध्यायातला तिसरा श्लोक म्हणतो की हजारोंत एखादा सिद्धीसाठी प्रयत्न करतो आणि तशा प्रयत्न करणाऱ्यांतही एखादाच तत्त्वतः जाणतो. कुणी याचं गणित मांडून दहा लाखांत एक, म्हणजे ८०० कोटींत ८,००० असा आकडा काढतात. श्लोकाचा रोख दुर्मिळपणाकडे आहे, त्यातून जनगणना काढू नये.

आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं ते अंगुत्तर निकाय या बौद्ध ग्रंथातलं उत्तिय नावाच्या परिव्राजकाचं, म्हणजे फिरत्या संन्याशाचं, प्रकरण. त्याने बुद्धांना सरळ विचारलं: तुमच्या मार्गाने सगळं जग सुटेल, अर्धं सुटेल, की एक तृतीयांश? बुद्ध गप्प राहिले. उत्तियाचा गैरसमज होऊ नये म्हणून बुद्धांचा शिष्य आनंद याने दृष्टांत दिला. सीमेवर एक मजबूत कोट आहे आणि त्याला एकच दरवाजा आहे. शहाणा द्वारपाल तटाला फेरी मारून बघतो, मांजर शिरेल एवढीही फट कुठे सापडत नाही. आत किती जण येतील हे त्याला ठाऊक नसतं. जो येईल तो याच दरवाजाने येईल, एवढं मात्र त्याला पक्कं ठाऊक असतं. गडकोटांच्या आपल्या मुलखात हा दृष्टांत फोड करून सांगावा लागत नाही. संख्येचा प्रश्न द्वारपालाचा नव्हेच. दरवाजा कुठे आहे हे सांगणं त्याचं काम.

जैन मांडणी आकड्यांच्या बाबतीत सगळ्यात काटेकोर. सहा महिने आणि आठ समय (समय म्हणजे काळाचा सगळ्यात बारीक कण) एवढ्या काळात ६०८ जीव मोक्षाला जातात आणि तेवढेच नित्यनिगोदातून, म्हणजे जीवांच्या सगळ्यात खालच्या अवस्थेतून, बाहेर येतात. जीव अनंत, त्यामुळे संसार कधी रिकामा होत नाही. शिवाय भव्य (मोक्षाची पात्रता असलेले) आणि अभव्य (ती नसलेले) असा भेद आहे, आणि अभव्य जीवाला मोक्ष नाही. कालचक्राच्या सध्याच्या पाचव्या भागात, म्हणजे पंचम काळात, भरतक्षेत्रातून (आपण राहतो त्या भूमीतून) थेट मोक्ष मिळत नाही. जंबुस्वामी हे शेवटचे केवली, म्हणजे केवलज्ञान झालेले. म्हणजे इथे उत्तर स्पष्ट 'नाही' असंच येतं. तरी याच परंपरेत सांगली भागातली माणसं पिढ्यान्पिढ्या सामायिक (ठरावीक वेळ समभावाने बसण्याचं व्रत), उपवास आणि दशलक्षण पर्व नेटाने पाळत आली आहेत. सगळे सुटणार नाहीत म्हणून आपण थांबावं, असं त्यांच्या मनात येत नाही.

द्वैतमताच्या मध्वाचार्यांनी जीवांचे तीन वर्ग केले: मुक्तियोग्य, नित्यसंसारी (कायम संसारात फिरणारे) आणि तमोयोग्य (अंधाराकडे जाणारे). त्यामुळे तिथेही सर्वमुक्ती नाही. दुसऱ्या टोकाला महायान बौद्ध आहेत. बुद्धत्वाचं बीज सगळ्या जीवांत आहे असं ते मानतात आणि सगळ्यांना पार नेण्याचं व्रत बोधिसत्त्व घेतो. मधे सोळाव्या शतकातले अद्वैती अप्पय्य दीक्षित. त्यांनी चर्चेला घेतलेला विचार असा: आरशातलं प्रतिबिंब म्हणजे जीव आणि मूळ मुखडा म्हणजे ईश्वर. एक आरसा फुटला की ते प्रतिबिंब मुखड्याला मिळतं, पण बाकीचे आरसे आहेत तोवर मुखडा 'बिंब' म्हणूनच राहतो. म्हणजे शेवटचा जीव सुटेपर्यंत सुटलेलाही ईश्वररूपाने थांबलेला असतो, आणि पूर्ण मुक्ती सगळ्यांची मिळूनच होते.

पसायदानात तर सगळ्या विश्वासाठी मागितलं आहे ना?

हो, आणि काय मागितलं ते ओळीने वाचण्यासारखं आहे. पहिली मागणी खळांबद्दल आहे. खळ नाहीसे व्हावेत असं ज्ञानेश्वर म्हणत नाहीत. त्यांची व्यंकटी, म्हणजे वाकडेपणा, सुटावा म्हणतात. मग त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, आणि त्यानंतर जीवांचं एकमेकांशी मैत्र जुळावं. दुरिताचा अंधार जाण्याची गोष्ट येते ती त्याच्याही नंतर. पुढे ईश्वरनिष्ठांची मांदियाळी सगळ्यांना सतत भेटत राहो असं मागणं आहे, म्हणजे शिकवणारी माणसं कायम लागणारच हे गृहीत धरलेलं आहे. शेवटी सगळे सुखाने पूर्ण होऊन आदिपुरुषाला अखंड भजोत, ही मागणी.

हा क्रम उलटा करून वाचला की गडबड होते. वाकडेपणा तसाच ठेवून सगळ्यांना पूर्णत्व मागणारी सामुदायिक प्रार्थना घसा बसेपर्यंत करता येते, घरात भावकीचा बांध मात्र दर नांगरटीला वीतभर सरकतच असतो.

एक टक्का लोकांनी ध्यान केलं की जग आपोआप बदलतं म्हणतात, खरं का?

असा दावा महर्षी महेश योगींच्या चळवळीतून पुढे आला. पुढे आकडा लोकसंख्येच्या एका टक्क्याच्या वर्गमुळापर्यंत खाली आला. जगाची लोकसंख्या ८०० कोटी धरली तर एक टक्का ८ कोटी, आणि त्याचं वर्गमूळ साधारण ८,९४४. १९९३ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन शहरात सुमारे ४,००० जणांना एकत्र बसवून गुन्हे कमी होतात का हे पाहिलं. हिंसक गुन्हे घटल्याचा निष्कर्ष आयोजकांनी काढला. पण ते घटले ठरवले कशाच्या तुलनेत, तर त्यांनीच मांडलेल्या अंदाजाच्या. टीकाकारांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. आमच्या मते हा पुरावा टिकत नाही.

आणि ते शंभरावं माकड?

गोष्ट अशी सांगतात की जपानच्या एका बेटावर शंभराव्या माकडाने रताळं धुवायला शिकल्याबरोबर दूरच्या बेटांवरची माकडंही आपोआप धुवायला लागली. मूळ निरीक्षण कोशिमा बेटावरचं. १९५३ मध्ये इमो नावाच्या एका लहान मादीने रताळ्याची माती पाण्यात धुतली. ते तिच्या सवंगड्यांनी उचललं, मग आयांनी, आणि पुढे आयांकडून पिल्लांनी. वर्षं लागली. वयस्क नरांपैकी बहुतेक जण शेवटपर्यंत शिकलेच नाहीत. शंभरावं माकड आणि आपोआप पसरणं हा नंतर जोडलेला भाग आहे.

खरी हकिकत जास्त उपयोगाची आहे. नवी गोष्ट जवळिकीतून पसरते, लहानांकडून वर चढते आणि मानाने मोठे असलेले सगळ्यात उशिरा शिकतात. गावात ध्यान किंवा नामाचा वर्ग सुरू करताना हे ध्यानात ठेवावं.

गावाने मिळून एक कोटी जप केला तर?

आधी हिशोब बघा. 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरी मंत्र नीट म्हणायला ३ सेकंद लागतात. १०८ मण्यांची माळ साडेपाच मिनिटांत होते, तासाला ११ माळा. हिशोबात माळेचे १०० धरतात आणि वरचे ८ चुकांसाठी सोडतात. म्हणजे एका माणसाचा तासाला १,१०० जप. २०० माणसं रोज एक तास बसली तर दिवसाला २ लाख २० हजार, आणि कोटी भरायला ४५ ते ४६ दिवस. एवढं काम कुठल्याही मोठ्या गावाला झेपतं.

बिघडतं ते तिसऱ्या आठवड्यात. आकडा मागे पडायला लागतो, कुणीतरी वाड्यावस्त्यांची चढाओढ लावतं, मग वेग वाढतो आणि 'जय जय राम' चं नुसतं 'जजराम' होतं. नोंदवही उघडली की दिसतं: एकाच घरापुढे सोमवार ते रविवार ११, ११, ११, ११, एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेलं. उपाय साधा आहे. जपाची बेरीज फळ्यावर लिहू नका. किती माणसं आज बसली एवढंच लिहा.

गाव मुक्त होईल का? त्या ४५ दिवसांनी नाही होणार. मात्र २०० पैकी पाच-दहा जण पुढे स्वतःहून बसायला लागले, तर ते बद्धाचे मुमुक्षू झाले. समर्थांच्या पायऱ्यांवर ही चढण खरी आहे आणि आमच्या मते समाजाच्या पातळीवर एवढंच लक्ष्य धरावं.

प्रगती एवढी झाली, मग पुढची पिढी जन्मतःच ज्ञानी का निघणार नाही?

दोन प्रकारची कामं असतात. देवीचा रोग एकदा संपवला, १९८० मध्ये तसं जाहीर झालं, आता जन्मणाऱ्या बाळाला त्याची चिंता नाही. साक्षरतेचं तसं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. ज्या पोरांना शाळेची पायरी बंद होती त्यांना ती मोकळी झाली. शंभर वर्षं उलटली तरी पहिलीतल्या प्रत्येक पोराला 'अ' गिरवावाच लागतो. आजोबा पदवीधर आहेत म्हणून नातवाला वाचता येत नाही.

ज्ञान या दुसऱ्या जातीचं आहे. जगात रोज साडेतीन लाखांच्या आसपास मुलं जन्मतात, आणि प्रत्येक जण दोन वर्षांचा होईतो 'माझं!' म्हणून खेळणं ओढायला शिकतो. त्याशिवाय त्याची वाढच होत नाही. म्हणून आज अख्खं जग ज्ञानी झालं असं धरलं, तरी उद्या सकाळी काम परत पहिल्यापासून आहे.

याला मोठा अपवाद श्री अरविंदांचा. जडातून प्राण आला, प्राणातून मन आलं, तसं मनाच्या वरचं तत्त्व पृथ्वीवर उतरेल आणि माणसाची जातच बदलेल, अशी त्यांची मांडणी होती. सामूहिक ज्ञानाचा इतका मोठा विचार आधुनिक काळात दुसऱ्या कुणी केलेला नाही. तो अभ्यासावा. पण त्याच्या भरवशावर आजची बैठक चुकवू नये.

मग समाज म्हणून काहीच बदलत नाही का?

बदलतं, आणि आपण ते पाहिलं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची खूण ४५ फुटांची. त्या दिवसांत होडीत कुणाला आधी घ्यायचं हे जात किंवा पक्ष विचारून ठरत नव्हतं, म्हातारं आणि लेकुरवाळी आधी. गावोगावहून भाकरी येत होत्या. 'माझं' ही गाठ हजारो लोकांची एकाच वेळी सैल झाली होती. पाणी ओसरलं आणि जुने हिशोब परत वर आले. सैल झालेली गाठ सुटलेली नव्हती, पण ती सैल होऊ शकते हे तेव्हा दिसलं.

टिकाऊ बदल परिस्थितीत करता येतो. चोखोबांना देवळाबाहेर उभं केलं गेलं. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. आजचं उदाहरण घ्या. गळीत हंगामात ऊसतोड मजूर फडाशेजारी कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहतात. बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकऱ्या थापते, दिवसभर मोळ्या बांधते आणि रात्री गाडी भरायला परत जाते. तिला 'रोज वीस मिनिटं डोळे मिटून बसा' असं सांगणं क्रूरपणाचं आहे. तिच्या वेळेची, झोपेची, लेकरांच्या शाळेची सोय करणं हा सामूहिक साधनेचाच भाग आहे, असं आम्ही ठामपणे मानतो.

एकट्याने सुटायचं म्हणजे स्वार्थच ना?

भागवतात प्रल्हाद नरसिंहाला सांगतो, या दीन लोकांना सोडून मला एकट्याला मुक्ती नको. तुकोबा म्हणतात, 'बुडता हे जन न देखवे डोळां । येतो कळवळा म्हणोनियां'. पण बुडणाऱ्याला काढायचं तर आधी स्वतःला पोहता आलं पाहिजे. समर्थांनी त्यापुढची पायरी सांगितली: 'महंतें महंत करावे', त्यांना युक्तिबुद्धीने भरावं आणि जाणते करून देशोदेशी विखुरावं. एकाने दहा तयार करावे, त्यांना आपल्याजवळ धरून ठेवू नये. सर्वांपर्यंत पोचण्याची याहून चांगली पद्धत आम्हाला माहीत नाही.

सुरुवात कशी करायची?

घोंगडी किंवा चादर घडी करून तीन-चार इंच उंचीची बैठक करा, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतात आणि पाठ आपोआप सरळ होते. गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालते, फक्त पाठ टेकू नका. नाकपुडीशी श्वास जाणवतो तिथे लक्ष ठेवा आणि सोडलेला श्वास एक ते दहा मोजा. मधेच आकडा हरवला तर रागावून घेऊ नका, परत एकपासून. पहिले दोन आठवडे रोज १० मिनिटं, मग २०. जेवणानंतर दोन तास बसू नका.

वेळ कामाप्रमाणे ठरवा. वाळवा-पलूसकडे शेतीपंपाची वीज रात्रीची असली की माणूस दोन वाजता उसाला पाणी दाखवायला जातो. त्याने ब्राह्ममुहूर्ताचा हट्ट धरला तर बसल्या जागी घोरतो. त्याने संध्याकाळी दिवेलागणीला बसावं. तासगावच्या द्राक्षवाल्यांनी छाटणीनंतर फवारण्यांच्या धावपळीत १० मिनिटांवर यावं, पण खंड पाडू नये.

प्रगती होते आहे हे कसं ओळखायचं?

बैठकीतल्या अनुभवांवरून ओळखू नका. रागावरून ओळखा. दूध संकलन केंद्रावर फॅट कमी लागली, तोंडात शिवी आली. ती आल्याचं तुम्हाला कधी कळलं? घरी पोचल्यावर, फाटकापाशी, की ओठांवर येतानाच? रोज रात्री वहीत एक ओळ लिहा. तीन महिन्यांनी पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवून वाचा. अंतर कमी झालं असेल तर साधना चालू आहे.

ध्यानाने त्रास होऊ शकतो का?

होऊ शकतो. विशेषतः रोज दहा-दहा तास बसण्याच्या दहा दिवसांच्या शिबिरांत. सलग दोन-तीन रात्री झोप न येणं, आपण आपल्या अंगात नाही असं वाटणं, आवाज ऐकू येणं, प्रचंड भीती यांपैकी काही झालं तर बैठक लगेच थांबवा, पोटभर जेवा, चाला, कुणाच्या तरी सोबत राहा आणि डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) क्रमांकावर मोफत बोलता येतं. 'कुंडलिनी जागी झाली, सोस' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

अमुक महाराज स्वतः ज्ञानी आहेत आणि सगळ्यांना ज्ञान देतात म्हणे. कसं पारखायचं?

पैशाचा हिशोब उघडा आहे का? प्रश्न विचारलेला चालतो का? बायकामुलांना एकांतात बोलावतात का? औषध बंद करायला सांगतात का? पहिल्या दोनांचं उत्तर 'नाही' किंवा पुढच्या दोनांपैकी एकाचंही 'हो' असेल तर तिथून उठावं. चमत्काराच्या नावाने फसवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच.

घरातल्यांना बळेच बसवू का?

नको. तुम्ही बसता तेव्हा दार उघडं ठेवा, पुरे.

गावात बैठक सुरू करायची आहे, काय लागेल?

सात ते पंधरा माणसं, एक खोली, एक घड्याळ. देऊळ सगळ्यांना मोकळं असेल तर देऊळ, नाहीतर शाळेची खोली बरी, म्हणजे कुणाला उंबऱ्यावर अडायला होत नाही. आठवड्यातून एकदा, २० मिनिटं शांत, १५ मिनिटं वाचन, १० मिनिटं बोलणं. सूत्र हातात धरणारा दर महिन्याला बदला. वर्गणी ठेवू नका. चहाही नको, चहा आला की पाळी येते आणि पाळी आली की गरिबाचं घर गळतं. बायकांची वेळ बायकांनाच ठरवू द्या. पंधराच्या वर माणसं झाली की दोन बैठका करा, आणि दुसरी शेजारच्या वस्तीवर भरवा.